भिंतीपलीकडचा खोकला

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या होत्या, खिडक्यांच्या कट्ट्यांवर माणसे चढून बसली होती, आणि ज्यांना तेही मिळाले नव्हते ती भिंतीला टेकून, छत्र्या काखेत घट्ट धरून उभी होती. छत्र्या काखेत अशासाठी, की मागच्या खेपेला परलोकाशी संपर्क चालू असताना दाराशी ठेवलेल्या दोन छत्र्या इहलोकातूनच नाहीशा झाल्या होत्या.

व्यासपीठावर कोटबुवा उभे होते. ते स्वतःला 'माध्यम' म्हणवून घेत. पण ऐन उकाड्यातही त्यांचा करडा कोट अंगावरून उतरत नसे, म्हणून लोकांनी परस्पर हे नाव ठेवून दिले होते. पूर्वी ते दारोदार फिरून पाणी शुद्ध करायची यंत्रे विकत. आता यंत्राची दगदग सोडून ते नुसते पाणीच विकत.

"मंडळी, हा माईक!" कोटबुवांनी माईक उंच धरला. "आणि हा मी काढला!" त्यांनी तो वायरीपासून सोडवून खिशात टाकला. "बघा, वायर नुसती लोंबतेय. ना तोंड, ना जीभ. तरी बोलणार! का बोलणार? कारण माणसाचं यंत्र जिथं संपतं ना, तिथं परलोकाची फ्रिक्वेन्सी सुरू होते. कंपनं, मंडळी, कंपनं! विज्ञानसुद्धा हेच म्हणतं, फक्त जरा हळू म्हणतं!"

मग त्यांनी दोन्ही हात पसरले आणि समोरच्या भिंतीत छताजवळ असलेल्या झरोक्याकडे भक्तिभावाने डोळे लावले. सभागृह गप्प झाले. बराच वेळ काही झाले नाही. आणि एकाएकी बुवांनी आरोळी ठोकली, "आले!"

कोपऱ्यातल्या मोठ्या स्पीकरमधून आधी खरखर आली. मग कोणीतरी खोकले, एकदा, दोनदा, तीनदा. आणि मग तो आवाज सुरू झाला. तो माणसाचा होता, पण शब्द एकही लागत नव्हता. नाक दाबून, तोंडात पाणी धरून कोणी भांडावे तसे काहीतरी ते चालले होते. मध्येच तो थांबे. मग पुन्हा बोलू लागे.

तिसऱ्या रांगेत फलाटबाईंचा हात कोणीतरी करकचून दाबला. त्यांच्या वहिनीने.

"ऐकलंत, वन्सं? ऐकलंत? तोच खोकला!"

फलाटबाईंच्याही अंगावर काटा आला, हे लपवण्यात अर्थ नाही. बोलण्याआधी तीनदा खाकरायचे ही त्यांच्या दादाची जन्माची सवय. दादा जाऊन दोन वर्षे झाली होती.

"गळा... गळ्याशी काहीतरी आहे," कोटबुवांनी डोळे मिटून भाषांतर सुरू केले. "कुणाच्या तरी गळ्याला गाठ आहे. ते म्हणतात, सुरी लावू देऊ नकोस! मी बघतोय. मी आहे. पाणी घेत राहा!"

गळ्याच्या गाठीची बातमी बुवांना परलोकातून आलेली नव्हती. ती वहिनींनी स्वतःच मागच्या आठवड्यात, पाण्याची बाटली घेताना, त्यांच्या मदतनीस बाईला अश्रू ढाळत सांगितली होती. पण हे आता वहिनींना आठवत नव्हते, आणि त्या क्षणी त्यांना आठवण करून देण्याची कोणाची छातीही झाली नसती. ती बाटली रात्रभर स्पीकरसमोर ठेवलेली असे. पाण्याने आवाज 'ऐकलेला' असे, म्हणून ते औषधी. वहिनी ते सकाळ-संध्याकाळ घेत होत्या.

आणि ऑपरेशन शुक्रवारी होते. डॉक्टरांनी सरळ शब्दांत सांगितले होते, की गाठ आत्ता काढली तर बाई ठणठणीत होतील, आणि थांबलात तर मग आम्हाला विचारू नका.

फलाटबाईंना हे नाव स्टेशनवरून मिळाले होते. तीस वर्षे त्यांनी स्टेशनच्या लाउडस्पीकरवरून गाड्यांच्या घोषणा केल्या. गावातल्या निम्म्या लोकांनी त्यांचे तोंड कधी पाहिले नव्हते. पण 'कृपया लक्ष द्या' एवढे त्या बोलल्या, की झोपलेला माणूससुद्धा हात लांबवून पिशवी शोधायचा. त्या नोकरीत बाईंना एक गोष्ट पक्की कळली होती. समोरचा माणूस कानीकपाळी ओरडला तरी त्याचे कोणी ऐकत नाही. तेच लाउडस्पीकरमधून आले, की खरे.

निवृत्त झाल्यावर घरात बसून त्यांना करमेना. म्हणून त्या सभागृहाला लागून असलेल्या सार्वजनिक कार्यशाळेत जाऊ लागल्या. जुन्या बर्फाच्या कारखान्याचे ते लांबट दालन होते. एका टोकाला सुतारकामाची टेबले, मध्ये शिलाई यंत्रे आणि मोडक्या सायकली, आणि दुसऱ्या टोकाला, सभागृहाच्या भिंतीला लागून, हौशी रेडिओवाल्यांचा कोपरा. कोणीही यावे, हत्यारे वापरावीत, काही मोडले तर दुरुस्त करून जावे, असा तिथला रिवाज.

रेडिओचा कोपरा दातांच्या डॉक्टरांच्या अखत्यारीत होता. हे गृहस्थ दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालत आणि संध्याकाळी दूरदूरच्या अनोळखी लोकांशी गप्पा मारत. "दवाखान्यात मी एकटाच बोलतो, समोरच्याला आ करून बसावं लागतं," ते म्हणत. "इथं निदान कुणीतरी उत्तर देतं." त्यांच्या हाताखाली बाई शिकल्या, परीक्षा दिली, परवाना मिळवला, आणि साठी उलटल्यावर पहिल्यांदा हातात सोल्डरिंगची कांडी धरली.

डॉक्टरांचा पहिला धडा मात्र तारांचा नव्हता. "रेडिओवर समोरच्याचं कळलं नाही, तर काय करायचं?" त्यांनी विचारले होते. बाई म्हणाल्या, "अंदाज करायचा." डॉक्टर दचकलेच. "छे छे! अंदाज करायचा नाही. न कळलेलं कळलं म्हणायचं नाही. 'पुन्हा सांगा' म्हणायचं. शंभरदा म्हणा, लाज नाही वाटायची."

दोन महिन्यांपूर्वी त्यांनी नवा, जास्त ताकदीचा संच बसवला होता. त्याला लांबलचक अँटेना हवी होती आणि कार्यशाळेचे छप्पर आखूड पडले. म्हणून तार सभागृहाकडच्या भिंतीतल्या त्याच उंच झरोक्याच्या चौकटीला भोक पाडून बाहेर काढली आणि तिचे टोक शेजारच्या सभागृहाच्या छपरावर नेऊन एका आकड्याला बांधले. सभागृहाच्या मालकाने हरकत घेतली नाही. त्याला वाटले, कपडे वाळत घालायचे असतील.

संच चालू असताना त्या तारेला कोणी हात लावला तर चांगलाच चटका बसतो. म्हणून बाईंनी स्वतःच्या हाताने एक लाल दिवा तयार केला. डॉक्टर बोलू लागले की दिवा पेटे, थांबले की विझे. तार जिथून बाहेर जाई तिथेच, झरोक्याच्या काचेशी, त्यांनी तो टांगला. बाईंची ही पहिली निर्मिती. नातवंडांचे कौतुक करावे तसे त्या दिव्याचे कौतुक त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

आणि सगळे बसवून झाल्यावर दोघांनी नीट तपासणीही केली होती. आपल्यामुळे कार्यशाळेतल्या कुठल्या यंत्राला त्रास होत नाही ना? शिलाई यंत्रे पाहिली, दिवे पाहिले, सुताराचा रेडिओ पाहिला. सगळे ठीक. भिंतीपलीकडे जाऊन पाहायचे मात्र कोणाच्याही डोक्यात आले नाही. रेडिओवाल्यांचा हा जुनाच दोष. हजार कोसांवर आवाज पोचला का याची चौकशी करतील, शेजाऱ्याकडे पोचला का हे विचारणार नाहीत.

रविवारी दुपारी डॉक्टर दुसऱ्या छोट्या संचावर बाईंना स्टेशन लावायला शिकवत होते. बाई बटण फिरवत होत्या आणि दूरचा कोणीतरी माणूस बोलत होता. बटण किंचित पुढे गेले आणि त्या माणसाचा आवाज एकदम बदलला. नाक दाबलेला, तोंडात पाणी धरलेला.

बाईंचा हात जागच्या जागी थांबला.

"हे काय झालं?"

"काही नाही, बटण सरकलं. आपण आवाज पाठवताना वीज वाचावी म्हणून त्यातला बराचसा भाग कापून पाठवतो. ऐकणाऱ्याच्या संचानं तो भाग परत बरोब्बर जोडून घ्यायचा. जोड जमली नाही, की असं बदक होतं."

"आणि एखाद्या साध्या लाउडस्पीकरच्या यंत्रात हा आवाज शिरला तर? त्याला जोडता येईल?"

"त्या बिचाऱ्याला कुठून येणार? तिथं कायमच बदक," डॉक्टर म्हणाले, आणि पुढचे बोलण्याआधी सवयीप्रमाणे खाकरले. एकदा, दोनदा, तीनदा.

बाई त्यांच्याकडे टक लावून पाहू लागल्या. "डॉक्टर," त्या शेवटी म्हणाल्या, "काल संध्याकाळी पाच वाजता तुम्ही इथं बोलत होता?"

"हो. समुद्रावरच्या दीपगृहात राहतो ना, त्या दीपगृहवाल्याशी. का हो?"

"कारण तुम्ही माझे दादा आहात."

डॉक्टरांना सगळे समजावून सांगेपर्यंत चहा गार झाला. ते आधी पोट धरून हसले. मग वहिनींच्या गाठीचे ऐकले आणि त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे मी दाढांबद्दल बोलतोय आणि तिकडे एका बाईचं ऑपरेशन रद्द होतंय? चला, आत्ताच्या आत्ता जाऊन त्या कोटाला धरतो!"

"थांबा. तुम्ही बोलायला लागलात की नेमकं तेव्हाच 'आले' म्हणून तो ओरडतो. त्याला कसं कळतं?" एवढे बोलता बोलता बाईंची नजर वर गेली. झरोक्याच्या काचेशी त्यांचा लाडका लाल दिवा लोंबत होता. आणि सभागृहात कोटबुवांचे डोळे भक्तिभावाने नेमके कुठे लागलेले असत, हे त्यांना आठवले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. बुवाला परलोकाची खूण बाईंनीच स्वतःच्या हाताने टांगून दिली होती.

सोमवारी त्या वहिनींकडे गेल्या. वहिनी स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या होत्या आणि पेल्यात ते पाणी ओतत होत्या. बाईंनी सगळे सांगितले. तार, दिवा, डॉक्टर, बदक. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतले आणि पाणी पिऊन टाकले.

"तुम्ही त्या तारा-बिरा जोडायला लागल्यापासून तुम्हाला सगळीकडे ताराच दिसतात."

"वहिनी, तो दादा नाही हो."

"दोन वर्षं घरात शुकशुकाट आहे, वन्सं. सकाळी उठते, चहा करते, एकटीच पिते. दोन वर्षांनी ह्यांचा खोकला कानावर आला. तोही काढून घेता?"

बाई खुर्चीवर बसल्या आणि रडू लागल्या. "मलाही दादा हवाय," त्या म्हणाल्या. "परवा तो खोकला ऐकून मलासुद्धा क्षणभर वाटलं, आला. पण तो गेला, वहिनी. आता तुम्हीही गेलात तर मला वन्सं म्हणायला उरलंय कोण?"

वहिनी पेला विसळत राहिल्या. तो आधीच स्वच्छ होता.

"बुधवारी बुवांची पुन्हा सभा आहे, तिला नका जाऊ," बाई म्हणाल्या. "शेजारी माझ्याबरोबर बसा. एकदाच. त्यानंतरही तुम्हाला तो दादा वाटला, तर मी ऑपरेशनचं नाव काढणार नाही. शब्द देते."

"आणि दवाखान्यात नाही म्हणून कळवायचं ते तुम्हीच कळवायचं," वहिनी म्हणाल्या.

"मीच कळवीन," बाई म्हणाल्या.

बुधवारी संध्याकाळी बाईंनी स्टुलावर चढून झरोक्याची काच दोरीने जरा तिरकी केली. पलीकडची गर्दी, खुर्च्यांची सरकासरक, सगळे ऐकू येऊ लागले. वहिनी रेडिओच्या टेबलाशी पदर सावरून ताठ बसल्या. कार्यशाळेत त्या पहिल्यांदाच येत होत्या, आणि दवाखान्यात बसावे तशा बसल्या होत्या.

पलीकडून कोटबुवांचा आवाज आला, "बघा, वायर नुसती लोंबतेय!"

"आता बघा," बाई हळूच म्हणाल्या. डॉक्टरांनी माईक ओठांशी धरला. दिवा पेटला.

"आले!" पलीकडून आरोळी.

डॉक्टर तीनदा खोकले. सभागृह हळहळले. डॉक्टर दबक्या आवाजात दीपगृहवाल्याला सांगू लागले, "तुमचा आवाज छान येतोय. इकडे ढग आहेत. आज एक दाढ काढली, मूळ असलं हट्टी की पुरता घाम फुटला." ते थांबले. त्यांच्या कानांवरच्या हेडफोनात दीपगृहवाला बोलू लागला. पलीकडे अर्थातच शांतता पसरली.

"मृतात्मे श्वास घेतायत," कोटबुवांनी खुलासा केला. "हे त्या गळ्याच्या ताईंचे यजमान. ताई आल्यात का? नाहीत? त्यांच्या शेजारणीनं निरोप न्यावा. हे म्हणतात, सुरी लावू देऊ नकोस! शुक्रवारी घराबाहेर पाऊल टाकू नकोस! आणि पाणी आता तीन वेळा!"

वहिनी डॉक्टरांकडे वळल्या. "तुम्ही आत्ता काय म्हणालात?"

"दाढेचं मूळ हट्टी होतं म्हणालो," डॉक्टर ओशाळून म्हणाले.

"सुरीचं काही?"

"नाही हो. पकडीनं काढली."

वहिनींनी खुर्ची डॉक्टरांच्या समोर सरकवली. मग म्हणाल्या, "पुन्हा खोका बघू. इथं, माझ्यासमोर."

डॉक्टरांनी माईक बाजूला ठेवला आणि शाळेतल्या मुलासारखे उभे राहून तीनदा खोकले. वहिनींनी डोळे मिटून ऐकले. बाईंना पाहवेना, त्यांनी तोंड फिरवले.

"हो," वहिनी म्हणाल्या. "ह्यांचंही अगदी असंच होतं." त्यांनी पदराने डोळे पुसले. आणि मग, डोळे पुसता पुसताच, त्यांचा सूर बदलला. "आणि तो मेला दाढेचं भाषांतर करतोय?"

"अजून गंमत बघायचीय?" बाईंनी विचारले. डॉक्टरांना गप्प राहायची खूण करून त्यांनी दिव्याचे बटण नुसतेच दाबले. संच बंद, दिवा मात्र लालभडक.

"आले!" पलीकडे बुवा गरजले.

कोणी आले नाही. सभागृह वाट पाहत राहिले. एका मुलाला शिंक आली.

"येतायत... जवळ येतायत... फार मोठा आत्मा आहे, दारातून आत यायला वेळ लागतोय..."

वहिनींना हसू फुटले. गाठीमुळे हसताना त्यांच्या गळ्याला त्रास होई. तरी त्या हसल्या. बऱ्याच दिवसांनी बाईंनी ते हसू पाहिले.

"मला बोलता येईल यातून?" वहिनींनी विचारले.

"येईल. माझा परवाना आहे, मी शेजारी बसते," बाई म्हणाल्या. "आणि बदक नाही व्हायचं. आवाज न कापता, अख्खा पाठवायची जुनी पद्धत आहे, तिचं हे बटण. ती साध्या लाउडस्पीकरलाही कळते." त्यांनी बटण फिरवले, माईक ओढला आणि तीस वर्षांच्या सवयीने सुरुवात केली, "कृपया लक्ष द्या!"

सभागृहातल्या स्पीकरमधून हे शब्द खणखणीत बाहेर पडले. पलीकडे एकच गोंधळ उडाला. दोघातिघांनी उठून पिशव्या उचलल्या.

"ही परलोकाची सेवा नाही. ही शेजारच्या कार्यशाळेतली रेडिओची चाचणी आहे," बाई म्हणाल्या, आपले परवान्याचे सांकेतिक नाव त्यांनी सांगितले, आणि माईक वहिनींकडे दिला.

वहिनींनी तो दोन्ही हातांनी धरला. "मी बोलतेय. गळ्याची बाई," त्या म्हणाल्या. "माझे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. ते बोलत नाहीत. बोलतायत ते दातांचे डॉक्टर, आणि बोलतायत दाढेबद्दल. ह्यांना काही सांगायचं असतं तर ते मला सांगितलं असतं, कोटवाल्याला नाही. ह्यांना कोटवाले कधी आवडलेच नाहीत." त्या दम घ्यायला थांबल्या. "मी अजून जिवंत आहे. शुक्रवारी ऑपरेशनला जाणार आहे. शेजारणीला म्हणावं, निरोप मिळाला."

ते तिघे वळसा घालून सभागृहात शिरले तेव्हा कोटबुवा व्यासपीठावरून हातवारे करत होते. "दुष्ट शक्ती, मंडळी! दुष्ट शक्तीनं चांगल्या आत्म्याची लाईन तोडली!"

"शक्ती कसली?" पहिल्या रांगेतले एक काका उखडले. "फलाटबाई आहेत त्या! माझी गाडी उशिरा येणार म्हणून ह्याच आवाजानं मला जन्मभर सांगितलंय. मी ओळखत नाही होय?"

बाई व्यासपीठावर चढल्या. त्यांनी ती लोंबणारी वायर उचलली. "आमच्या अँटेनाचं टोक ह्या छपरावर बांधलंय. ही लांब वायर खाली लोंबते, ती आमचा आवाज पकडते आणि तुमच्या यंत्रात नेऊन सोडते. माईक लावलेला असला की आवाज कमी शिरतो. माईक काढला, वायर मोकळी राहिली, की जास्त. बुवा प्रामाणिकपणा दाखवायला माईक काढतात ना? तिथंच तर भूत आत घेतात."

डॉक्टरांनी खिशातून एक जाड काळे कडे काढले. चुंबकासारख्या काळ्या दगडाचे, मधून भोक असलेले. "आमच्यात हे सर्रास वापरतात. वायर यातून दोनचार वेळा ओवली, की असला चोरटा आवाज आत जात नाही." त्यांनी पहिल्या रांगेतल्या काकांकडूनच वायर ओवून घेतली आणि स्वतः कार्यशाळेत पळाले. झरोक्याच्या काचेआड दिवा पेटला. सगळ्यांच्या माना आता तिकडे वळल्या होत्या. स्पीकर गप्प राहिला. काकांनी वायर कड्यातून सोडवली, तर बदक बोलू लागले. पुन्हा ओवली, गप्प. काकांना इतकी मजा वाटली, की त्यांच्या हातून कडे काढून घ्यावे लागले.

"आणि दिव्याकडे बघून 'आले' म्हणायचं, एवढंच काय ते माध्यम," बाई म्हणाल्या.

कोटबुवांनी तेव्हा पहिल्यांदाच लोकांसमोर कोट काढला. आतला सदरा घामाने भिजून चिंब झाला होता. "पहिल्यांदा आवाज आला तेव्हा मीही घाबरलो होतो," ते पुटपुटले. "इथं पाण्याच्या यंत्राचं प्रात्यक्षिक द्यायला आलो होतो हो. पण लोक रडायला लागले. माझ्याकडे बघायला लागले. मग काहीतरी बोलावं लागलं."

"तुम्हाला कळलं नव्हतं, एवढं बोलला असतात तरी चाललं असतं," वहिनी म्हणाल्या.

मागून एक तरुणी उठली. "मग माझी आई? मागच्या शनिवारी ती बोलली, त्याचं काय?"

डॉक्टर नुकतेच धापा टाकत परत आले होते. त्यांनी मान खाली घातली.

"ते आम्हीच होतो," बाई म्हणाल्या. "आम्ही स्वतःची खोली तपासली, तुमची तपासली नाही. ही आमची चूक, आणि उद्या सकाळी ती तार तिथून निघेल. तुझं दुःख खरं आहे, आवाज खोटा होता. पण सगळ्यांनाच एक विचारते. इतके दिवस इथं आलात, एक शब्दही कळत नव्हता. तरी 'कळलं नाही, पुन्हा सांगा' असं कुणी म्हणालं का? मीही नाही म्हणाले. आमच्या रेडिओत हा पहिला नियम आहे. न कळलेल्याचा अर्थ दुसऱ्याकडून विकत घ्यायचा नाही. पुन्हा विचारायचं. उत्तर आलं नाही तर आलं नाही म्हणायचं. आणि कुणाच्या गळ्याला गाठ असेल, तर स्पीकरला नाही, डॉक्टरला विचारायचं. दातांच्या नव्हे," त्यांनी घाईने जोडले, "गळ्याच्या."

लोक हसत, कुरकुरत, छत्र्या मोजत बाहेर पडले. ती तरुणी बराच वेळ रिकाम्या सभागृहात बसून राहिली, आणि वहिनी तिच्या शेजारी जाऊन बसल्या. दोघी काय बोलल्या ते बाईंनी विचारले नाही.

शुक्रवारी ऑपरेशन झाले. गाठ अख्खी निघाली आणि तिच्यात भिण्यासारखे काही नव्हते, असे सर्जन बाहेर येऊन सांगून गेले. बाई कितीतरी वेळ भिंतीला हात टेकून उभ्या होत्या. मग त्या आत गेल्या.

वहिनींनी डोळे उघडले. गळ्याला पांढरी पट्टी होती. त्यांनी तोंड उघडले आणि आतून खरखरत, नाकातून, कसलासा आवाज आला. अगदी सभागृहातल्या स्पीकरसारखा. गळ्याच्या ऑपरेशननंतर काही दिवस आवाज बसतो, हे नर्सने आधीच सांगून ठेवले होते.

कोटबुवा असते तर त्यांनी एवढ्यातून तीन निरोप आणि एक उपचार काढून दाखवला असता. बाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि वहिनींच्या तोंडाशी कान नेला.

"कळलं नाही, वहिनी. पुन्हा सांगा."

वहिनींनी डोळे मोठे केले, दम घेतला, आणि एकेक अक्षर सुटे करून म्हणाल्या, "चहा. दोघींना."